लेकस्टर म्हणा, स्ट्रीमलायनर नाही

लढाऊ विमानांच्या टाकाऊ इंधन-टाक्यांपासून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. अशी गाडी बनवणाऱ्या अमेरिकन बिल बर्कच्या टाकीच्या गाडीला तुम्ही 'स्ट्रीमलायनर' म्हटलंय, ती 'लेकस्टर'. चाकं उघडी असली की लेकस्टर, झाकली की स्ट्रीमलायनर. टाकी कितीही गुळगुळीत असो, बाहेर फिरणारी ती चार चाकंच सगळा वारा अडवतात. खरी गंमत तिथेच आहे!

आणखी एक राहिलं. बर्कची 1946 ची पहिली गाडी मस्टँग विमानाच्या 165 गॅलनच्या, विमानाबाहेर टांगायच्या जादा इंधनाच्या टाकीची होती. ती अरुंद, त्यामुळे इंजिन पुढे आणि चालक मागे. मग त्याने लाइटनिंग विमानाची 300 गॅलनच्या वरची टाकी घेतली, तेव्हा चालक पुढे आणि फोर्डचं व्ही-8 इंजिन त्याच्या पाठीशी, असं सुटसुटीत बसलं. टाकी मुळात दोन अर्धुकांची. वरचं अर्धुक पोळीच्या डब्याच्या झाकणासारखं उचललं की सगळं इंजिन समोर. दुसरं महायुद्ध संपल्यावर भंगारात मिळणारा तो पत्रा, पण आकार विमानवाल्यांनी आधीच घासूनपुसून ठरवलेला. अ‍ॅलेक्स झिडियासच्या अशाच गाडीने 1952 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या सपाट मिठाच्या मैदानावर ताशी 198 मैल गाठले, म्हणजे जवळजवळ 319 किलोमीटर. त्या गाडीचा एखादा फोटो टाका की लेखात.