बाबांची बिलं

"घर कितीला पडलं?" सीएंनी विचारलं.

"फुकट. 2017 साली बाबांनी बक्षीसपत्र करून दिलं." मुलाला राहतं घर देत होते म्हणून मुद्रांक शुल्कही अवघे 200 रुपये लागले होते, हे मी जरा ऐटीतच सांगितलं.

सीएंनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्हाला नाही हो. वडिलांना कितीला पडलं?"

बापाकडून घर घेताना आयकर खातं काहीच विचारत नाही. विकायला काढलंत की मात्र तुम्ही तुम्ही राहतच नाही, बाबा होता. त्यांची खरेदीची किंमत ती तुमची, त्यांनी घर बाळगलं ती वर्षंही तुमची. मुलाच्या पायात बापाची चप्पल आली की त्याला मित्र मानावं म्हणतात. आयकर कायदा त्याला सरळ बापच मानतो.

बाबांनी घर घेतलं 1988 साली, 1 लाख 85 हजारांना. कागदांची काळजी नव्हती. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांचा पत्र्याचा डबा माळ्यावर जागच्या जागी होता. रबरबँड वितळून चिकटलेले गठ्ठे, प्रत्येकावर ठाशीव अक्षरात चिठ्ठी. 1991 ची खिडक्यांची ग्रिलं, 1994 ची फरशी. नळाच्या वॉशरची दीड रुपयाची पावतीसुद्धा होती.

सीएंनी गठ्ठा हातात तोलला आणि परत दिला. "2001 च्या आधीचं काही लागत नाही." घर इतकं जुनं असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमतच खरेदी किंमत धरता येते, त्याआधीची ग्रिलं, फरश्या सगळं त्यात विरघळून जातं.

ती किंमत काढायला व्हॅल्युअर आले. "तेव्हा लिफ्ट होती?" नव्हती. "पाण्याचं कसं होतं?" यायचं, आमच्या नशिबाने. आजच्या घरात उभे राहून ते गृहस्थ तेवीस वर्षांपूर्वीचं घर शोधत होते. भिंतीवर दोनदा टकटक केली, जणू 2001 आतून ओ देईल. तेव्हाच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, वर जाता येत नाही, म्हणून 9 लाखांवर थांबले.

घर विकलं नोव्हेंबर 2024 मध्ये, 62 लाखांना. आता 23 जुलै 2024 पासून नियम असा की खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने न वाढवता नफ्यावर साडेबारा टक्के कर. पण घर त्याआधीचं असेल आणि जुन्या रीतीने, म्हणजे निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी, कर कमी येत असेल तर भारतात राहणाऱ्याला तेवढाच भरायची मुभा. नव्या रीतीने 6 लाख 62 हजार 500, जुन्या रीतीने 5 लाख 86 हजार 600. सेस, म्हणजे करावरचा उपकर, वेगळा, तो कुठल्याही रीतीत चुकत नाही.

"आणि निर्देशांक बक्षीसपत्रापासून नाही, थेट 2001 पासून," सीए म्हणाले. "मुंबई उच्च न्यायालयाने 2011 साली तसा निकाल दिलाय." म्हणजे अर्धामुर्धा नाही, पूर्ण बाबा.

कर वाचवायचे मार्गही होते. सहा महिन्यांत 50 लाखांपर्यंतचे ठरावीक रोखे घ्या, पाच वर्षं विसरून जा. किंवा दोन वर्षांत दुसरं घर घ्या. पण पैसे आधीच मुलीच्या शिक्षणाला बोलून झाले होते, आणि दुसऱ्या घराचं नाव काढताच बायको उठून आत गेली.

"2001 नंतर काही मोठं काम केलंत?"

केलं होतं की! 2009 साली स्वयंपाकघर फोडून मोठं केलं होतं, ग्रॅनाइटचा ओटा, सगळं नवं. 1 लाख 40 हजार लागले होते. सीएंनी कॅल्क्युलेटर ओढला. "निर्देशांक लावून 3 लाख 43 हजार होतात. तुमचे 68 हजार वाचले म्हणा. फक्त बिल आणा."

डबा पुन्हा उपसला. वॉशरची पावती तीनदा हाती लागली. 2009 चं म्हणून डायरीचं एक पान निघालं. तेच ठाशीव अक्षर, शेवटच्या ओळीखाली अभिमानाने दोन रेघा:

"स्वयंपाकघर व ओटा 1,40,000. बिल घेतले नाही. 9,000 वाचले."