पेन टॅबलेटनं डोक्स फिरवलं राजेहो

जो तो व्हिडिओत सांगून रायला, डिझाइनर असशीन तं माउस सोड, पेन टॅबलेट घे, म्हणजे कॉम्प्युटरले जोडाची पाटी अन् तिच्यावर चालवाचा पेन. घेतला बावा. अबे पण मी काय कार्टून काढतो का? तालुक्याच्या गावात फ्लेक्सचं दुकान आहे माहं, दिवसभर कोरलड्रॉवर वाढदिवस, श्रद्धांजली अन् पोळ्याचे बॅनर. पेन किती जोरानं दाबला ते ओळखाच्या त्या 8192 प्रेशर लेव्हल कुठं घालू मी, पाटलाच्या मिशीत?

माउस उचलून परत ठेवला तरी कर्सर जागचा हलत नाही. इथं पाटीचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा कोपरा, पेन जिथं नेला तिथं कर्सर उडी मारते. त्यात पाटी 16:10 अन् स्क्रीन 16:9, हातानं गोल काढला का त्याचं अंडं होते, मग ड्रायव्हरात, म्हणजे पाटीच्या सॉफ्टवेअरात, जाऊन प्रमाण जुळवत बसा. दुसरा मॉनिटर जोडला तं पाटी दोन्हीवर ताणल्या जाते, म्हणजे बोटभर हात हलला का कर्सर पार तिकडं.

अन् ते कडं! नोड (रेषेवरचा बिंदू) धराले पेन जरासा टेकवून ठेवला का गोल कडं फिरते अन् राइट क्लिकचा मेनू उघडते. ते घालवाले ड्रायव्हरात विंडोज इंक (विंडोजची पेनासाठीची सोय) बंद करा, तं फोटोशॉपमधलं प्रेशर जाते. मग पीएसयूजरकॉन्फिग नावाची टेक्स्ट फाइल बनवून तिच्यात यूज सिस्टिम स्टायलस 0 असं लिहा, तवा ते परत येते. काहून बावा, चित्र काढाले बसलो का प्रोग्रॅमिंग कराले?

गिऱ्हाईक बाजूच्या स्टुलावर बसून, "भाऊ, सरपंचाचा फोटो जरा मोठा कर ना, अन् माहं नाव त्याच्या वरतं घे." नाव टाइप कराले दोन्ही हात कीबोर्डवर, तं पेन कानावर. डबल क्लिक कराव तं दुसरा टोला भलतीकडंच पडते, सिलेक्शन सुटून जाते, अन् तो स्टुलावरचा म्हणते, "नवीन शिकून रायला का?"

फोटोतले केस कापाले, मास्क माराले (नको तो भाग झाकाले) पेन भारीच आहे, ते नाकारत नाही. पण माह्याकडं येते तो फोटो व्हॉट्सॲपवरून चारदा फिरून आलेला, त्याले केस दिसतीन तं कापू ना!

लाइन जाऊन आली का ड्रायव्हर झोपलेलाच, यूएसबी काढा अन् घाला. आता पेनाची निब घासून चपटी झाली, तालुक्यात भेटत नाही, अमरावतीत विचारलं तं दुकानदार म्हणते ऑनलाइन मागवा, अन् ऑनलाइनवाला म्हणते तुमच्या पिनकोडवर डिलिव्हरीच नाही.