‘दहा मिनिटांत मायक्रोमीटर’वाल्यांना उत्तर

मागच्या लेखात लिहिलं होतं, की मेकॅनिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री झाली की तिसऱ्या कॅड कोर्सची फी भरण्याआधी कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपच्या क्वालिटी विभागात (जिथं बनलेला माल तपासतात) एक वर्ष काढा. त्यावर ‘एक अनुभवी इंजिनीअर’ या टोपणनावानं ही प्रतिक्रिया आली: “काका, जग एआयवर गेलं आणि तुम्ही पोरांच्या हातात व्हर्नियर देताय. मायक्रोमीटर शिकायला दहा मिनिटं लागतात, यूट्यूबवर आहे. पुण्याच्या निम्म्या पगारात कशाला सडायचं? सांगलीत हळद आणि द्राक्षांशिवाय आहे काय? उगाच पोरांचं नुकसान करू नका.”

आधी ‘काका’बद्दल. आपल्याकडं काका हा मानाचा शब्द आहे. तुम्ही तो ज्या सुरात वापरलाय, तो आम्हालाही कळतो. मतभेद असू द्या, पण नाव झाकून अनुभवाचा दाखला द्यायचा ही कुठली पद्धत? आणि ‘नुकसान’ हा शब्द जरा जपून वापरा. माझी सगळी नोकरी तपासणीच्या टेबलावर गेली आहे, कोर्स विकण्यात नाही.

पगाराचं मान्य. इथं पुण्यापेक्षा कमी मिळतो, काही ठिकाणी वेळेवरही होत नाही. जाण्याआधी तिथल्या दोन कामगारांना विचारून घ्यावं.

आता तुमची ती दहा मिनिटं. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही दोन्ही जाडी-व्यास मोजायची हातातली साधनं; मायक्रोमीटर जास्त बारीक मोजतो. स्केल वाचायला दहा मिनिटं पुरतात, कबूल. मोजायला पुरत नाहीत. रोजचंच उदाहरण घेऊ. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचा बोअर (आतला व्यास) २५ मिमी. त्यात बसणाऱ्या शाफ्टवर टॉलरन्स (साईजमध्ये चालणारा फरक) के६ या ठरलेल्या पट्ट्यातला, म्हणजे साईज २५.००२ ते २५.०१५. सगळी मिळून जागा १३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ०.०२ लीस्ट काउंटच्या (साधनावर वाचता येणारं सर्वात लहान माप) व्हर्नियरवर तुम्हाला २५.०० दिसेल, नाहीतर २५.०२. पहिलं रीडिंग खालून बाहेर, दुसरं वरून. चांगला शाफ्ट या व्हर्नियरला दिसूच शकत नाही! तरी रिपोर्टवर ‘ओके’ पडतं. शाफ्ट बारीक असला तर बेअरिंगची आतली रिंग त्यावर सरकते आणि सीट झिजते; जाड असला तर बेअरिंगमधला क्लिअरन्स (आतली मोकळी जागा) खाल्ला जातो आणि ते तापतं. साध्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट ०.०१, म्हणजे या पट्ट्यात त्याची एकच रेघ येते. इथं ०.००१ वाला मायक्रोमीटर लागतो, नाहीतर २५ च्या स्लिप गेजवर (अचूक मापाचा ठोकळा) सेट केलेला कंपॅरेटर, म्हणजे त्या मापापेक्षा किती फरक आहे ते दाखवणारं साधन. टॉलरन्सच्या एक-दशांशापर्यंत वाचणारं साधन घ्यायचं, हा जुना नियम आहे.

बरं, साधन मिळालं. वाचण्याआधी अँव्हिल आणि स्पिंडलची, म्हणजे मायक्रोमीटरच्या स्थिर आणि सरकत्या टोकांची, तोंडं स्वच्छ पुसायची, म्हणजे तेल-कचरा निघतो. मग २५ च्या स्लिप गेजवर झिरो बघायचा. फिरवायचं ते रॅचेटनं, म्हणजे ठराविक दाब आला की घसरणाऱ्या मागच्या कळीनं. थिंबल (फिरवायची नळी) पिळून घट्ट केलं की रीडिंग तुमच्या मनगटाचं येतं. शाफ्ट नुकताच मशीनवरून उतरवलाय आणि मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम आहे असं धरा. पोलाद मीटरला दर अंशामागं साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २५ मिमीला जवळपास ६ मायक्रॉन. टॉलरन्सच्या निम्म्याच्या आसपास! गरम असताना २५.००६ दाखवून पास झालेला शाफ्ट थंड झाला की २५.०००, म्हणजे नापास. पार्टी माल परत पाठवते तेव्हा पोरगं शपथेवर सांगतं, “मी मोजलंवतं.” मोजलं होतंच की. गरम मोजलं होतं.

आणखी एक, जे त्या व्हिडिओत नसतं. पातळ बुश (नळीसारखा पोकळ भाग) तीन जॉच्या चकमध्ये, म्हणजे मशीनच्या तीन जबड्यांच्या पकडीत, आवळून बोअर केला, की मशीनवर गोल भरतो. चक सैल केला की दाबलेली भिंत परत फिरते आणि बोअर तिकोनी गोल होतो. दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजनं तो कितीही फिरवून बघा, रीडिंग जवळपास सारखंच येतं आणि सगळं ठीक वाटतं. तीन टोकांचा बोअर गेज लावला की चोरी पकडली जाते. पुण्यातल्या इंटरव्ह्यूत “हा दोष कशानं येतो?” विचारल्यावर सॉफ्टवेअरचा सर्टिफिकेटवाला गप्प बसतो.

त्या वर्षात एक काम स्वतःच्या हातानं कराच: गेज आर अँड आर, म्हणजे तेच नग वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा मोजले तर मोजणीतच किती फरक पडतो ते बघणं. प्रोसेसमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा सगळा फरक असलेले १० जॉब (मशीनवर बनलेले नग) निवडायचे. ३ माणसं, ३ फेऱ्या, ९० रीडिंग. जॉबचा क्रम दर फेरीला बदलायचा आणि आधीचं रीडिंग कुणाला दाखवायचं नाही. मोजणीतून येणारा फरक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत आला तर मोजणी चांगली, ३० च्या वर गेला तर त्या मोजणीवर भरवसा ठेवायचा नाही. मधलं असेल तर जॉब किती नाजूक आहे आणि नवं साधन किती खर्चाचं, ते बघून ठरतं. नव्वदही रीडिंग एकाच पेनानं, एकाच अक्षरात लिहिलेली दिसली, की समजावं ऑडिट जवळ आलंय. बायोडेटात नुसतं ‘एमएसएचं (मोजणी पद्धतीच्या तपासणीचं) ज्ञान’ असं लिहू नका. कुठला जॉब, कुठला टॉलरन्स, किती टक्के आलं आणि मग काय बदललं, ते लिहा.

एआयबद्दल एवढंच. कॅमेऱ्याला पास-नापास शिकवायलाही आधी कुणीतरी बरोबर मोजलेले जॉब लागतात.

आणि हळद-द्राक्षं? किर्लोस्करवाडी १९१० पासून याच जिल्ह्यात आहे आणि वालचंद कॉलेज १९४७ पासून. द्राक्षबागेत फवारणीचा पंप चालतो ना, त्याच्याही शाफ्टला बेअरिंग असतं. बाकी मुद्द्यांत टोमण्यापलीकडं काही सापडलं नाही, तेव्हा ते सोडून देतो. पुन्हा लिहाल तर खरं नाव टाका, आणि तुमच्याकडं के६ चा शाफ्ट कशानं तपासतात तेही लिहा.