प्रायॉरिटी दिली की झालं?

ओपनफ्लो म्हणजे कंट्रोलर या मध्यवर्ती सॉफ्टवेअरने नेटवर्कच्या स्विचना नियम पाठवण्याचा प्रोटोकॉल. त्यातल्या नियमांच्या भांडणावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. "ओपनफ्लोमध्ये प्रायॉरिटी नीट दिली की नियम भांडतच नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं, बाकी लेख फापटपसारा," असं तुम्ही म्हणता. मतभेद असू द्यात, पण ही भाषा कशाला? दहा वर्षं फ्लो-टेबलंच (स्विचमधल्या या नियमांच्या याद्या) तपासतो आहे, हवेत लिहीत नाही.

चूक आधी मान्य करतो. कमाल प्रायॉरिटी (एका पॅकेटला अनेक नियम जुळले तर मोठ्या आकड्याचा लागतो) मी ६५५३६ लिहिली होती. आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५५३५. दुरुस्त केलं, आभार.

आता तुमचं ते वाक्य. फायरवॉल ॲपने नियम टाकला: १०.०.१.०/२४ कडून पोर्ट २२ वर (एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन) जाणारं टीसीपी ड्रॉप करा, म्हणजे टाकून द्या, प्रायॉरिटी १००. लोड बॅलन्सरने (सर्व्हरांवर भार वाटणारं ॲप) टाकला: १०.०.२.१० कडे जाणारं सगळं स्विचच्या ३ नंबर पोर्टातून बाहेर, प्रायॉरिटी २००. दोघांनीही प्रायॉरिटी दिली आहे. १०.०.१.५ वरून १०.०.२.१० ला एसएसएच करून बघा, फायरवॉलचा नियम आड येतच नाही. चेक-ओव्हरलॅप फ्लॅग (नियम टाकताना एकमेकांवर पडणारे नियम शोधायची खूण) लावलात तरी स्विच तक्रार करणार नाही, तो फक्त समान प्रायॉरिटीचे नियम पडताळतो. (समान असते, तर कुठला लागेल हे स्पेसिफिकेशननेच अनिश्चित ठेवलंय.) वाईट म्हणजे, ड्रॉपच्या नियमाचा काउंटर (जुळलेल्या पॅकेटांची मोजणी) वाढतच राहतो, कारण बाकीच्या सर्व्हरचं एसएसएच तो अडवतोच. डंप-फ्लोज (टेबलातले नियम आणि काउंटर दाखवणारी कमांड) बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचवर नेमकं तेच पॅकेट देऊन ऑफप्रोटो-ट्रेस (पॅकेटचा नियमांतला प्रवास दाखवणारी कमांड) चालवा, मग कुठला नियम लागला ते दिसेल. प्रायॉरिटी फक्त जिंकणारा ठरवते. हरलेला नियम टेबलात तसाच पडून राहतो आणि त्याच्या ॲपला कुणी कळवत नाही.

म्हणूनच टेबलं वेगळी करा असं लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. टेबल ० मध्ये पत्ता बदलणं (व्हर्च्युअल आयपी, म्हणजे बाहेर दाखवलेला सामायिक पत्ता, काढून खऱ्या सर्व्हरचा घालणं), १ मध्ये सुरक्षा, २ मध्ये फॉरवर्डिंग. पत्ता अप्लाय-ॲक्शन्सनेच (लगेच लागू होणाऱ्या क्रिया) बदला. राइट-ॲक्शन्सने बदल पाइपलाइनच्या शेवटी होतो, टेबल १ ला जुनाच व्हर्च्युअल आयपी दिसतो आणि खऱ्या पत्त्यावर लिहिलेला ड्रॉप चुकतो. ओपनफ्लो आवृत्ती १.३ मध्ये टेबल-मिसचा नियम (दुसरा कुठलाच जुळला नाही तर लागणारा) नसला की पॅकेट ड्रॉप होतं, तेव्हा ० आणि १ मध्ये प्रायॉरिटी ० चा, पुढच्या टेबलाकडे धाडणारा नियम हवाच.

कंट्रोलर आणि लेखातल्या आकृत्यांवरच्या तुमच्या टोमण्यांत शिरत नाही. ट्रेसचं आउटपुट जोडून लिहा, ओळ न ओळ उत्तर देईन.