पालेभाजीत सोडा घालायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

‘हिरव्या भाज्यांचं सत्त्व टिकवायचे पाच नियम’ हा मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. मी वाचून सोडूनही दिला असता. पण माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय, हिमोग्लोबिन कमी आहे, आणि तिच्या सासूबाईंनी तो मेसेज वाचून, अगदी मायेनं, तिच्या मेथीत-पालकात रोज चिमूटभर खायचा सोडा घालायला सुरुवात केलीये. आता गप्प बसवत नाही.

पहिला नियम तोच: ‘सोडा घाला, भाजी हिरवीगार राहते, म्हणजे जीवनसत्त्वं शाबूत.’ यातलं ‘हिरवीगार राहते’ एवढंच खरं. पानाचा हिरवेपणा क्लोरोफिलचा, आणि त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं. भाजी शिजताना पानातलीच आम्लं सुटतात, मॅग्नेशियम निसटतं आणि रंग काळपट पडतो. सोडा ती आम्लं मारतो म्हणून रंग टिकतो. पण क जीवनसत्त्व आम्लात तग धरतं. सोड्याच्या गरम पाण्यात ते झपाट्यानं नासतं. थायमिनचं, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाचंही तेच. शिवाय पान लिबलिबीत होतं ते वेगळंच. आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाचीच मदत लागते. जिला लोहाची सर्वांत जास्त गरज, तिच्याच ताटातून ते काढून घ्यायचं? त्यापेक्षा भाजी उतरवल्यावर वरून लिंबू पिळा. रंग उतरेल, उतरू दे.

हे माझ्या मनचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2011 च्या आहार-मार्गदर्शिकेत सरळ सांगितलंय की डाळी आणि भाज्या शिजवताना सोडा टाळा. भाजी चिरल्यावर धुऊ नका, चिरलेली पाण्यात भिजत ठेवू नका, शिजवलेलं पाणी फेकू नका, झाकण ठेवून शिजवा, हेही तिथंच आहे. त्यामुळे ‘चिरून तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा’ हा दुसरा नियमही इथेच निकालात निघतो. माती घालवायची तर जुडी निवडून, पानं अख्खी असतानाच दोन-तीन पाण्यांतून काढा आणि मग चिरा.

‘कुकरमध्ये सगळं मरतं’ म्हणे. लोह, कॅल्शियम ही खनिजं आहेत, ती कुठल्याच आचेवर मरत नाहीत. क जीवनसत्त्व आणि फोलेट (हेही ब गटातलं एक जीवनसत्त्व) घटतात, हे खरं. पण ती सर्वांत जास्त जातात ती पातेलंभर पाण्यात भाजी रटरटवून ते पाणी ओतून दिल्यावर. त्याच्यापुढे कुकरची एक शिट्टी परवडली.

‘तेल अजिबात नको’ हेही चूक. पालेभाजीतलं बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो. चमचाभर तेलात लसणाची फोडणी द्या आणि निर्धास्त खा.

राहिला शेवटचा: ‘शक्यतो कच्चीच खा, पालकाचा रस उपाशीपोटी घ्या.’ कच्च्या पानांतून क जीवनसत्त्व जास्त मिळतं, हे मान्य करावंच लागेल. कोथिंबीर आपण वरून घालतो, मेथीचा घोळाणा खातो, तो चांगलाच. पण शिजवल्यानं पानाच्या पेशी फुटतात आणि बीटा कॅरोटीन उलट जास्त मिळतं. शिवाय सगळी पानं एका मापानं कशी मोजता येतील? अळू कच्चं खाल्लं तर घसा धरतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पालकातही ऑक्झलेट भरपूर, आणि बहुतेक मुतखडे याच कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ज्यांना एकदा मुतखडा होऊन गेलाय अशांनी रोज ग्लासभर कच्चा रस प्यायला लागणं धोक्याचं आहे. पाणी फेकू नका हा नियम मोडायचा तर तो अशांनीच मोडावा: पालक उकडावा, ते पाणी टाकून द्यावं, म्हणजे ऑक्झलेटचा बराच भाग त्याबरोबर जातो. आणि आहारात काय ठेवायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारावं.