शिक्षा कमी झाली तर अपील कोण करणार?

अपघाताचा कुठलाही निकाल आला की कमेंटमध्ये दोनच गोष्टी, 'कायदा कडक करा' नाहीतर 'जज मॅनेज झाला'. मला अशा वेळी कार्टर रोडची केस आठवते.

नोव्हेंबर २००६, वांद्रे, पहाटेची वेळ. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी, चालवणारा प्यायलेला. सेशन्स कोर्टाने तेव्हाच्या दंडविधानातलं (आयपीसी) कलम ३०४अ, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, एवढंच धरलं आणि दिले सहा महिने न् पाच लाख दंड. त्या कलमात तेव्हा जास्तीत जास्त दोनच वर्षं होती, तीही पूर्ण दिली नाहीत! लोक भडकले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच पुराव्यावर ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावला, कारण दारू पिऊन गाडी हाकली तर माणसं मरू शकतात हे त्याला माहीत होतं. तिथे कमाल दहा वर्षं आहेत, मिळाली तीन.

पुढचं वाचून तर डोकंच फिरतं. २०१२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की सात जीव गेलेत, तीन वर्षं फारच कमी आहेत, पण शिक्षा वाढवा म्हणून सरकार आमच्याकडे आलेलंच नाही, मग आम्ही त्यात जात नाही. झालं, विषय संपला.

आता जुलै २०२४ पासून, जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाच्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बरं झालं, पण ती 'पर्यंत' आहे हो, किमान काहीच नाही, केवळ दंडावरही सुटता येत नाही एवढंच काय ते. कुठल्या केसला साधारण किती द्यायची याची मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे नाहीत, फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवायला नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ लाच ती सुचवली होती. त्यामुळे दोषी ठरल्यावर आरोपीचा वकील 'वय लहान आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरात कमावता एकटाच' हे सगळं व्यवस्थित मांडतो आणि सरकारी वकिलाने काही ठोस सांगितलं नाही तर आकडा खालीच येणार ना.

आणि ज्यांचा माणूस गेला त्यांनी काय करायचं? आरोपी निर्दोष सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली तर ते अपील करू शकतात. पण शिक्षा कमी वाटली तर नाही, तो हक्क फक्त सरकारचा, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा स्पष्ट केलंय. मला तर हे सरळसरळ चुकीचं वाटतं. फाशी फाशी करणाऱ्या आमदार-खासदारांनी आधी हे अपिलाचं कलम बदलावं, आणि पत्रकारांनी निकालाच्या महिनाभराने सरकारला विचारावं, वाढीव शिक्षेसाठी अपील केलंत का?