सहजच लावला होता

आज ऑफिसात एचआरचा मेल आला. आमच्यासाठी समुपदेशनाची जी फोनलाइन होती ती एक तारखेपासून बंद, तिच्या जागी चॅटबॉट. ‘चोवीस तास तुमच्या सोबत’, आणि शेजारी हसरा रोबो. डोकंच फिरलं.

जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम उघडला आणि लिहिलं, ‘काही नाही, सहजच.’ लगेच उत्तर: ‘छान! तुमचा दिवस आनंदात जावो!’

घास घशाखाली उतरेना. कारण २०१६ साली रात्री अडीच वाजता मी एका हेल्पलाइनला फोन लावला होता आणि पहिलं वाक्य हेच बोलले होते. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे तेव्हा. रूममेट उठू नये म्हणून बाथरूममध्ये, बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. ‘काही नाही, सहजच लावला होता.’ पलीकडची बाई म्हणाली, ‘असू दे की. मी पण सहजच बसलेय.’ आणि गप्प राहिली. फोन ठेवला नाही. तिला खोकला झाला होता. खोकली, सॉरी म्हणाली, पाणी प्यायली. तो घोट मला ऐकू आला आणि मग जे रडू फुटलं ते फुटलंच.

आपल्याकडे सरळ कोण सांगतं हो? ‘कंटाळा आलाय’, ‘कशातच राम नाही’, ‘सुटले एकदाची तर बरं’. तेही हसत हसत. यातला कंटाळा कुठला आणि जिवावरचा कुठला, हे आवाजावरून कळतं. नाहीतर मध्येच पडलेल्या शांततेवरून. बॉटला शांतता म्हणजे काय, तर ‘तुम्ही अजून आहात का? १ दाबा.’

हो, यंत्राला झोप लागत नाही, लाइन एंगेज लागत नाही. काहींना माणसापुढे लाज वाटते, टाइप करणं सोपं जातं. मान्य. त्या रात्री मलाही तिसऱ्यांदा फोन लागला होता. पण मग माणसं वाढवा ना! लाइन कसली बंद करता?

अमेरिकेत हे होऊन गेलंय. २०२३ साली नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनने हेल्पलाइन गुंडाळायचं ठरवलं, चॅटबॉट होताच. तो खाण्याच्या आजारानं गांजलेल्यांना वजन कमी करायच्या टिपा द्यायला लागला! तोही बंद करावा लागला. आणि आपलं सरकार, ज्याला आपण उठता बसता शिव्या घालतो, त्याने २०२२ च्या ऑक्टोबरात टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. १४४१६. भाषेसाठी बटण दाबावं लागतं, पण पुढे माणूस बोलतो, मराठीत. कुणाला लागला तर नंबर असू द्या जवळ. सहज लावला तरी चालतो.

एचआरला तिखटजाळ उत्तर लिहिलं होतं, पुसलं. त्या पोरीचं तरी काय, तिलाही वरून आलेलं असणार. उद्या जाऊन समोर बसून बोलेन.

त्या बाईचं नाव मला माहीत नाही. तिनेही माझं विचारलं नाही. चाळीस मिनिटं झाली असतील, बादलीच्या काठाचा वळ उठला होता मांडीवर. शेवटी ती म्हणाली, ‘आता झोप. परत सहज वाटलं तर लाव.’ मी हो म्हटलं आणि ठेवला. खोकल्याला काही घेतलंत का, एवढं तरी विचारायला हवं होतं.